मनगटातलं कात्रज

रात्री तीनला उठून हात झटकत बसायचे अंधारात,
थर्मामीटरचा पारा उतरवावा तसा.
नवरा म्हणाला, वात असेल.
सरवदेबाई म्हणाल्या, मानेचं बघून घे.
मानेला पट्टा बांधला, खांदा शेकला,
हळदीचा लेप लावून आठवडाभर पिवळी हिंडले.

मग टोचा हातातून पडला.
बाइंडिंगच्या धंद्यात एकवीस वर्षं, कधी पडला नव्हता.
पडला तो कुणाच्या तरी पीएचडीच्या प्रबंधावर,
पान एकशे बारा, मातीच्या थरांचा तक्ता.
भोक पडलं.
खिंवसराशेठ काही बोलले नाहीत,
तेच जास्त लागलं.

टिळक रोड, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
“कुंदा रेणुसे?”
निलोफर नावाची मुलगी, पांढरा कोट, बाहीवर चहाचा डाग.
माझा हात हातात घेऊन म्हणाली, “गार आहे फार.
गार हात खोटं बोलतो, नस आहे त्याहून मंद दाखवतो.”
तिने कोमट पाण्याचा टब आणला,
दोन्ही हात त्यात बुडवून बसवलं मला.
खळीची, डिंकाची सवय या हातांना.
नुसतं पाणी, आणि काम काहीच नाही,
असं याआधी कधी झालं होतं
ते आठवेपर्यंत दहा मिनिटं संपली.

बोटांना तारेच्या अंगठ्या.
अंगठ्याच्या बुडाशी चिकटपट्टी,
तिथला फुगवटा बसलाय हे तिने बोलून नाही दाखवलं,
दाबून पाहिलं फक्त.
मग पट्टी लावून आठ सेंटिमीटर मोजले, पेनाने खूण केली,
खूण जरा सरकली म्हणून पुसून पुन्हा केली.
तिथे माझा विश्वास बसला तिच्यावर.

“आता टिचकी बसेल हं.”
अंगठा आपला आपणच उडाला,
वर्गात नाव पुकारल्यावर दचकून उभ्या राहणाऱ्या पोरासारखा.
पडद्यावर रेघ उठली.
करंगळीची पर्वतीएवढी.
मधल्या बोटाची, आमच्या गल्लीतला गतिरोधक.
आणि अनामिका म्हणजे एका बोटात दोन बिऱ्हाडं,
एकाच्या नळाला पाणी, दुसऱ्याचा नळ कोरडा.

“नऊ दोऱ्या आणि एक नस, सगळ्या एकाच बोगद्यातून जातात,
गर्दी झाली की नस चेंगरते.”
“म्हणजे कात्रज,” मी म्हटलं.
ती हसली, पण मला वेगळंच सुचत होतं:
बैलांच्या शिंगांना पलिते बांधून
सोडले होते कुणी माझ्या मानेत, खांद्यात,
मी त्या उजेडामागे वर्षभर धावले,
आणि फौज इथे, मनगटात, दबून बसलेली.
माझ्याच हाताने मला कात्रजचा घाट दाखवला.

वेग आला सेकंदाला एकतीस मीटर.
पन्नास तरी हवा होता.
मी मनातल्या मनात हिशेब केला,
ताशी एकशे अकरा किलोमीटर.
गाडी असती तर एक्सप्रेस वेवर दंड बसला असता,
नस आहे म्हणून ऑपरेशन.

“डावाही करू.”
“डाव्याला काही नाही हो.”
“करायचा असतो.”
पुन्हा अंगठ्या, पुन्हा आठ सेंटिमीटर.
ती पडद्याकडे पाहत राहिली, मी तिच्याकडे.
तोही मंद निघाला. उजव्याइतका नाही, पण मंद.
डावा माझा नुसता फर्मा धरून ठेवतो.
उजवा शिवतो, उजवा कापतो,
सही करून पगारही उजवाच घेतो.
डाव्याने एका रात्रीसुद्धा उठवलं नाही मला.

रिपोर्ट दिला त्यांनी, स्टेपल तिरका, कडा जुळवलेल्या नाहीत.
काउंटरवर ठोकून सरळ केला, राहवलं नाही.
जिन्यात उजवा बधिरला,
सवयीने पिशवी डाव्यात घेतली
आणि मधल्या पायरीवर थांबले.
पिशवी खाली ठेवली.
खालून कुणीतरी विचारलं, “लिफ्ट बंदच आहे का अजून?”
“बंदच आहे,” म्हटलं,
आणि तशीच उभी राहिले जरा वेळ,
दोन्ही हात मोकळे सोडून.